शून्याची बाटली

४१.२

लेबल आधी लिहायचं, पाणी मागाहून भरायचं, हा तिचा नियम. भरलेली पण बिनलेबलाची बाटली म्हणजे बेशुद्ध सापडलेला माणूस, असं ती म्हणे. कोण, कुठला, कुणाला काही सांगता येत नाही.

त्या सोमवारीही तिने आधी चार लेबलं लिहिली. शून्य. दहा. पन्नास. चौथ्यावर ‘तपासणी, वीस’. प्रत्येकावर तारीख आणि उजवीकडे झुकलेली बारीक सही. मग भट्टीत सुकवून ठेवलेलं पोटॅशियम नायट्रेट काढलं, श्वास रोखून तराजूवर एक पूर्णांक त्रेसष्ट शतांश ग्रॅम मोजलं, लिटरच्या फ्लास्कमध्ये विरघळवलं. त्यातलं थोडं थोडं पिपेटने घेऊन बाकीची द्रावणं. शून्याच्या बाटलीत मात्र काहीच घालायचं नसतं. भिंतीवरच्या शुद्ध पाण्याच्या सिलिंडरचा नळ सोडायचा, तीनदा बाटली विसळायची, भरायची. सगळ्यांत सोपं काम.

जलशुद्धीकरण केंद्रात सगळे तिला केमिस्टबाई म्हणत. अठरा वर्षं ती या पहिल्या मजल्यावरच्या खोलीत एकटी होती. खाली गाळणीचे हौद, वर ती आणि मशीन. मशीन दर पंधरा मिनिटांनी शहराकडे निघालेल्या पाण्याचा एक घोट घेई आणि त्यात नायट्रेट किती ते पडद्यावर दाखवी. शेतातल्या खताचं, गटारांचं जमिनीत मुरलेलं नायट्रेट. मोठ्या माणसांना त्याचं फारसं काही होत नाही. सहा महिन्यांच्या आतलं, बाटलीच्या दुधावरचं बाळ असेल तर मात्र त्याच्या रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. ते निळं पडतं. म्हणून मर्यादा पन्नास. पन्नासच्या वर आकडा गेला की भोंगा वाजायचा.

दर सोमवारी मशीनला नव्याने शिकवावं लागे. हे बघ, हे शून्य. हे दहा. हे पन्नास. मशीनला स्वतःचं मत नसतं, जे दाखवाल ते ते मानतं. मग परीक्षा म्हणून वीसची बाटली द्यायची.

२०.१, मशीन म्हणालं.

“शहाणं गं माझं ते,” ती म्हणाली. एकट्याने काम करणारी माणसं बोलतात तसं ती मशीनशी बोलत असे.

मग नळाच्या पाण्याचा घोट. ४१.२. गेल्या सोमवारसारखाच.

अकरा वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.

४१.२

“केमिस्टबाई ना? मी दवाखान्यातून बोलतेय. बाळांच्या वॉर्डातली सिस्टर.”

“बोला सिस्टर.”

“आठवड्यात दोन बाळं आलीत. दोन्ही बाटलीच्या दुधावरची. ओठ निळे, नखं निळी. छाती तपासली, हृदय तपासलं, काही नाही. डॉक्टर म्हणाले, पाण्याचं तेवढं विचारून घ्या. नायट्रेट किती आहे तुमच्याकडे?”

तिने मान वळवली. “एकेचाळीस. मर्यादा पन्नास.”

“नक्की ना?”

“समोर बघून सांगतेय. आत्ताच, अर्ध्या तासापूर्वी मशीन लावलंय.”

“बरं. मग पाणी नाही म्हणायचं.” पेनाचं टोपण लावल्याचा आवाज आला. सिस्टरने फोन ठेवला नाही. “रडतही नाहीत हो. एरवी वॉर्डात कान किटतात माझे. ही दोघं नुसती बघत राहतात.”

फोन ठेवल्यावर ती काचेची भांडी धुवायला लागली. धुतलेलीच होती, ती तिने परत धुतली.

आकडा तर समोर होता. तिनेच सांगितला होता. खरं सांगितलं होतं. एखादी गोष्ट खरी सांगूनही खोटं बोलल्यासारखं का वाटावं?

तिच्या धाकट्या भावाचं बाळ अकरा आठवड्यांचं होतं. बाटलीच्या दुधावरचं. आईला दूध आलंच नाही, आणि बाळ घरी आलं त्या दिवशी केमिस्टबाईनेच मोठेपणाने भावजयीला सांगितलं होतं: “विकतच्या पाण्याच्या बाटल्या कशाला? माझ्या डोळ्यांखालून गेलेलं पाणी आहे ते. फक्त चांगलं वीस मिनिटं खळाखळा उकळ.”

वीस मिनिटं.

उकळलं की जंतू मरतात. नायट्रेट मरत नाही. वाफ होऊन पाणी जातं आणि नायट्रेट भांड्यातच राहतं, उरलेल्या पाण्यात, अधिक दाट होऊन. हे तिला तेव्हाही माहीत होतं. पण आकडा एकेचाळीसच्या आसपास होता, आणि शंका घेतं कोण?

४१.१

“ताई, हळू बोला. आत्ता कुठे डोळा लागलाय त्याचा.”

“ओठ बघ त्याचे.”

“काय बघू?”

“ओठ. रंग कसा आहे?”

“झोपलेल्या पोराचे ओठ काय बघायचे?” भावजय पुटपुटली. पावलं, दाराची कुरकुर. “गुलाबी आहेत. म्हणजे... पडदा लावलाय ना, नीट दिसत नाही इथे.”

“मग उघड पडदा.”

“उठेल ना तो! दोन तास थोपटलंय मी. तुम्ही येताय का थोपटायला? झालंय काय पण?”

“काही नाही. दुधाला पाणी कुठलं वापरतेस?”



“नळाचं,” भावजय म्हणाली. “उकळून. तुम्हीच सांगितलं होतंत ना, वीस मिनिटं. तसंच करते.”

पाठ केलेलं उत्तर म्हणावं तसं, घाईघाईने. एरवी ही बाई तिचं एक ऐकत नसे. टोपडं घाल म्हटलं तर काढी, काढ म्हटलं तर दोन घाली. नेमकी हीच गोष्ट का ऐकली तिने? हीच एक?

“ताई? आहात ना?”

“आहे. उठला की नखं बघ. आणि मला फोन कर.”

“तुम्ही ना, घाबरवता उगाच,” भावजय म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

नोंदवही

खुर्चीत बसवेना. तिने नोंदवही उघडली. तिचंच अक्षर, तिचीच सही, आणि प्रत्येक पानावर तेच तेच.

सोमवार. शून्य स्वीकारलं. तपासणी २०.०. नळ ४०.८. ठीक.

सोमवार. शून्य स्वीकारलं, मागच्यापेक्षा किंचित वर, फरक मर्यादेत. तपासणी २०.१. नळ ४१.०. ठीक.

सोमवार. शून्य किंचित वर. स्वीकारलं. मशीनचा दिवा जुना होत असावा. तपासणी १९.९. नळ ४१.३. ठीक.

सोमवार. किंचित वर. स्वीकारलं. ठीक.

ठीक.

ठीक.

दर वेळी मशीनने विचारलं होतं. ‘मागील शून्यापेक्षा फरक आहे. स्वीकारायचा?’ आणि दर वेळी तिने ‘हो’ दाबलं होतं, कारण फरक थोडा होता. मागच्या वेळेपेक्षा थोडा. त्याच्या मागच्या वेळेपेक्षा आणखी थोडा. सहा आठवडे, सहा वेळा ‘हो’. पहिल्या शून्यापासून आजचं शून्य किती लांब आलंय हे तिने एकदाही मोजलं नव्हतं.

आता मोजलं. दोनदा मोजलं.

भिंतीवर आलेख लावला होता. नळाच्या पाण्याची सहा आठवड्यांची रेघ, पट्टीने आखल्यासारखी सरळ. मोठ्या साहेबांनी पाहुण्यांना ती कौतुकाने दाखवली होती. “बघा, काय काम आहे आमच्या बाईंचं! नाकासमोर चालतं पाणी.” तीही तेव्हा लाजून हसली होती. अठरा वर्षांत पाणी कधी असं वागलं नव्हतं. वर जायचं, खाली यायचं, शेतात खत पडलं की उसळायचं. पाणी इतकं शहाणं कधीपासून झालं?

समजा.

समजा शून्याच्या बाटलीत शून्य नाहीच.

मग मशीन त्यालाच शून्य समजेल. बाटलीत जेवढं नायट्रेट असेल तेवढं सगळ्यांतून वजा होईल. पाणी चढेल तसं शून्यही चढेल, आणि रेघ सरळच राहील. दहाचं द्रावण त्याच पाण्यात बनवलेलं, पन्नासचंही त्याच पाण्यात. आणि तपासणीची बाटली? तीही त्याच नळाखाली भरलेली. परीक्षा घेणारा आणि परीक्षा देणारा एकाच चिठ्ठीवरून लिहीत होते. मग वीसचे वीस येणारच. शंभर वेळा येणार.

तिने हळूच भिंतीवरच्या सिलिंडरकडे पाहिलं.

चिकटपट्टी

सिलिंडर माणसाच्या कंबरेएवढा उंच. आत रेझिनचे दाणे, सोनेरी, मोहरीएवढे. खालून नळाचं साधं पाणी आत जायचं, दाणे त्यातलं सगळं ओढून घ्यायचे, वरून नुसतं पाणी यायचं. दाण्यांचं पोट भरलं की ते काही धरून ठेवत नाहीत. तेव्हा सिलिंडर बदलायचा. रोज सहा लिटर धरून तिने तारीख काढली होती आणि जाड मार्करने सिलिंडरवर लिहिली होती. ती तारीख यायला अजून दहा आठवडे होते.

वरच्या अंगाला एक छोटा दिवा होता. हिरवा म्हणजे चांगलं, लाल म्हणजे संपलं. गेल्या वर्षी त्याची तार सैल झाली आणि तो दिवसभर लाल-हिरवा, लाल-हिरवा करू लागला. डोळ्यांच्या कोपऱ्यात सारखं काहीतरी लुकलुकतंय, काम सुचेना. तिने त्यावर काळी चिकटपट्टी लावली. मग तार जोडली गेली. पट्टी तशीच राहिली. तारीख लिहिलेली होतीच की.

तिने नखाने पट्टीचा कोपरा उचलला. पट्टी सहज निघेना, गोंद वाळून दगड झाला होता. तिने ओढली. नख मोडलं.

लाल.

लुकलुकत नव्हता. स्थिर, शांत, लाल. किती दिवसांपासून कोण जाणे. तिच्या पाठीमागे, चार हातांवर. ती लेबलं लिहीत होती, गाणं गुणगुणत होती, सिस्टरला समोर बघून आकडा सांगत होती, आणि हा लाल डोळा पट्टीआड उघडा होता.

ती सिंकला धरून उभी राहिली.

आधी फोन. भावाच्या घरी. लागला नाही. परत लावला. व्यस्त, व्यस्त, व्यस्त. भावजयीने रिसीव्हर बाजूला काढून ठेवला होता, पोर झोपावं म्हणून. नेहमीच ठेवायची.

खाली पंपघरात भाऊ ड्यूटीवर होता. त्याला फोन केला तर म्हणणार काय? तुझ्या बाळाला मीच...

नाही. आधी खात्री. लाल दिवा एवढंच सांगत होता की दाणे भरले आहेत. पाण्यात काय उतरलंय आणि किती, ते सांगत नव्हता. एवढ्यावर शहराला कसं घाबरवणार? खात्री करायला हवी, असं तिने स्वतःला बजावलं. तिला ठाऊक होतं की यात अर्धं शास्त्र आहे आणि अर्धी भीती.

पण खात्री करायला खरं शून्य हवं. या इमारतीतलं सगळं पाणी एक तर नळाचं होतं, नाही तर या सिलिंडरचं.

दुकान

फाटकासमोरच्या कोपऱ्यावर औषधांचं दुकान होतं. रस्ता ओलांडताना एक टँकर करकचून थांबला आणि चालक ओरडला, ते तिला नंतर आठवलं. दुकानाच्या दाराशी एक तरुण बाई कडेवरच्या लेकराला बाटलीने दूध पाजत उभी होती. लेकराने बाटली दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. केमिस्टबाईची नजर थेट त्याच्या नखांवर गेली. उन्हात काही कळेना. नखं नखांसारखी होती. की नव्हती?

“काय बघता हो?” बाई हसून म्हणाली. “वजन कमी वाटतंय ना? सगळे तेच म्हणतात.”

सांगावंसं वाटलं: बाटली काढा त्याच्या तोंडातून. ओठही हलले. पण शब्द आला नाही. बाई लेकराला सावरत निघून गेली, आणि ती पाठमोरी आकृती वळणापर्यंत जाताना बघत राहण्याचं पाप तिच्या हातून झालं.

“इंजेक्शनचं पाणी आहे का? ते काचेच्या नळीतलं?”

“किती?” दुकानदाराने विचारलं.

“जेवढं असेल तेवढं.”

“पन्नासचा खोका आहे.” त्याने चष्म्यावरून पाहिलं. “अख्ख्या केंद्राला टोचताय की काय बाई? साहेबांपासून सुरुवात करा, जरा जाड सुई घ्या.”

एरवी ती हसली असती. खोका छातीशी धरून ती धावतच सुटली. आत काचा किणकिणत होत्या.

तीन नळ्या

जुनी हातची रीत. मशीन नव्हतं तेव्हा ती असंच करायची. परीक्षानळीत थोडं पाणी, चिमूटभर जस्ताची पूड, मग रंग आणणाऱ्या दोन अभिकर्मकांचे थेंब. नायट्रेट नसेल तर पाणी पाण्यासारखंच राहतं. असेल तर गुलाबी होतं. जितकं जास्त, तितकं गडद. दहा मिनिटं थांबायचं.

पहिल्या नळीत इंजेक्शनचं पाणी. दुसरीत शून्याच्या बाटलीतलं. तिसरीत नळाचं. खाली पांढरी फरशी.

तिने घड्याळ लावलं. दीड वाजला होता. जेवायची वेळ. या वेळी ती रोज दार ओढून खाली जेवायच्या खोलीत जायची. आज डबा पिशवीतच होता.

एक मिनिट. तीन नळ्या, तिन्ही सारख्या. तिच्या मनात आलं, उगाच घाबरलो आपण. दिवा बिघडला असेल, तार परत सैल झाली असेल.

तीन मिनिटं. तिसऱ्या नळीच्या तळाशी धूर सोडल्यासारखं काहीतरी.

चार. तिसरी नळी गुलाबी. ती होणारच होती, नळाच्या पाण्यात नायट्रेट असतंच. बघायचं ते दुसऱ्या नळीकडे.

पाच.

दुसऱ्या नळीकडे ती बघत नव्हती. शेजारच्या खिडकीकडे बघत होती. मग बघितलं.

शून्य गुलाबी होत होतं.

सावकाश, लहान मूल लाजावं तसं. सातव्या मिनिटाला त्यात शंकेला जागा उरली नाही. नवव्या मिनिटाला तिसरी नळी बिटाच्या रसासारखी झाली होती. तिने रंगांचा तक्ता काढून शेजारी धरला. दुसरी नळी, पस्तीस आणि चाळीस यांच्या मधे. तिसरी, तक्ता जिथे संपतो त्याच्या जवळ. पंचाहत्तर. कदाचित ऐंशी.

पहिली नळी पाण्यासारखी स्वच्छ होती.

एकेचाळीस अधिक सदतीस. बेरीज करायला तिला कागद लागला नाही. आणि वीस मिनिटं खळाखळा उकळल्यावर? शंभर. त्याहून जास्त. बाळाचा चेहरा डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न तिने केला तेव्हा तिला फक्त लावलेला पडदा दिसला.

मागचं दार उघडलं.

टिल्लू

मागच्या दाराची किल्ली पंपघरातच असायची. आत आला तो तिचा धाकटा भाऊ. सहा फूट उंच, झुपकेदार मिशा, आणि घरात अजूनही नाव टिल्लू. दोन्ही हातांत दहा-दहा लिटरचे रिकामे कॅन.

तिला बघून तो जागीच थबकला.

“तू जेवायला गेली नाहीस?” तो म्हणाला.

तिने कॅन बघितले. मग सिलिंडर. मग परत कॅन.

“टिल्लू. ते काय आहे?”

“हे? काही नाही. आपलं... बॅटरीत घालायला.”

“वीस लिटर? रणगाडा घेतलास का?”

तो हसला नाही. कॅन खाली ठेवायचे की धरून ठेवायचे हे त्याला कळेना. “ताई, ओरडू नकोस. बाळासाठी नेतो. तूच म्हणायचीस ना, या पाण्यात काही म्हणजे काहीच नाही, जगातलं सगळ्यांत शुद्ध पाणी. मग मी म्हटलं, आपल्या हाताशी असताना पोराला नळाचं कशाला पाजायचं? तिला पण सांगून ठेवलंय, ताईला बोलू नकोस म्हणून. तू नियमवाली.”

“कधीपासून?”

“घरी आणलं तेव्हापासून. दर दोन-तीन दिवसांनी. तू जेवायला गेलीस की.”

“अकरा आठवडे.”

“असेल.”

“एवढंसं पोर. त्याला वीस लिटर?”

“दुधाला. बाटल्या धुवायला.” तो खाली बघत म्हणाला, “अंघोळीला पण. कातडी नाजूक असते ना त्याची.”

तिला हसू आलं. ते कुठून आलं कुणास ठाऊक. ते तोंडातून बाहेर पडलं तेव्हा त्याचा आवाज इतका विचित्र होता की टिल्लूने कॅन टाकले आणि तिचा दंड धरला.

“उकळता का?” तिने विचारलं.

“शुद्ध पाणी कशाला उकळायचं?”

न उकळलेलं. आज सदतीस, आधी त्याहून कमी, सुरुवातीला तर खरंच शून्य. या शहरात बाटलीवर वाढणाऱ्या बाळांत सगळ्यांत सुरक्षित बाळ टिल्लूचं होतं. तिच्या सबंध अंगातून काहीतरी सैल होऊन खाली उतरलं. वाचलं, ती मनात म्हणाली. आपलं वाचलं.

आणि लगेच तिला स्वतःचीच भीती वाटली. सकाळपासून वाटली नव्हती अशी. कारण तो एक क्षण बाकीची बाळं नव्हतीच. दुकानाशी बाटली घट्ट धरून बसलेले ते दोन हात नव्हते. वॉर्डात नुसती बघत राहिलेली ती दोघं नव्हती.

तिने त्याला नळ्या दाखवल्या. चार वाक्यांत सांगितलं. सहा लिटरच्या बेताचा सिलिंडर, त्यातून रोज दुप्पट पाणी गेलं. पोट वेळेआधी भरलं. दिवा लाल झाला, तो मी झाकून ठेवला होता. मी दर सोमवारी मशीनला खोटं शून्य शिकवलं. शहराचं पाणी अठ्ठ्याहत्तरावर आहे. आज सकाळी दवाखान्याला मी एकेचाळीस सांगितलं.

टिल्लू स्टुलावर बसला. मिशांखालचा ओठ लहानपणी थरथरायचा तसा थरथरला.

“म्हणजे मी...”

“आपण.”

खाली हौदांत पाणी पडत होतं.

“ताई, ऐक.” तो हळू आवाजात म्हणाला. “नवा सिलिंडर लाव गुपचूप. मशीन एकदम नको लावूस. दर आठवड्याला थोडं थोडं. वर आलं तसंच हळूहळू खरं होईल. तोवर साहेबांना काहीतरी सांगून पाणी बदलायला लावू. कुणाला कळणार नाही. तुझी अठरा वर्षं आहेत. माझं घर आहे.”

“आणि थोडं थोडं होईपर्यंत ती काय पितील?”

त्याने पायाने एक कॅन बाजूला सारला.

“सिस्टर म्हणाली, रडतही नाहीत.”

४१.३

मशीनने पंधरा मिनिटांचा घोट घेतला आणि आपला आकडा सांगितला. बिचाऱ्याला काय माहीत.

तिने शून्याची बाटली काढली. सकाळचं लेबल फाडलं. ते निघेना, तेव्हा त्यावरच काट मारली. मग नवं लेबल लिहिलं. शून्य. तारीख. सही करताना अक्षर सरळ आलं, उजवीकडे झुकलं नाही. बाटली रिकामी केली आणि इंजेक्शनच्या पाण्याचा खोका उघडला.

काचेची नळी बोटांत धरायची, मानेवर खूण असते तिथे अंगठा दाबायचा. टक. बाटलीत ओतायची. दहा मिलिलिटर. पुढची. टक. पहिल्या चार नळ्या बाटली विसळण्यातच गेल्या. अजून चाळीस तरी हव्या होत्या. सहाव्या नळीला अंगठा चिरला. तिने तो बाजूला धरून ठेवला, रक्त बाटलीत पडू नये म्हणून, आणि डाव्या हाताने सातवी मोडू लागली. ती मोडेना.

टिल्लूने तिच्या हातातून नळी घेतली.

तिला वाटलं, फेकतो. काही क्षण त्यालाही तसं वाटलं असावं. नळी त्याच्या पंजात काडीएवढी दिसत होती.

टक.

“अशीच ना?” तो म्हणाला.

“अशीच. कडेला बोट लावू नकोस.”

आठवी. नववी. दोघं मोडत राहिली. बाटली भरायला बारा मिनिटं लागली. ती बारा मिनिटं शहर पाणी पीत होतं आणि तिला प्रत्येक टक ऐकू येत होता. मधेच एकदा टिल्लूने विचारलं, “भोंगा वाजला की साहेब धावत येतील ना?” ती म्हणाली, “साहेब धावत नाहीत. पण येतील.”

तिने बाटली मशीनला लावली. नळी आत सोडली. मशीनने खरं शून्य प्यायलं, आयुष्यात पहिल्यांदा प्यायल्यासारखं बराच वेळ चाचपडलं, आणि विचारलं:

‘मागील शून्यापेक्षा मोठा फरक आहे. स्वीकारायचा?’

हे एक बटण दाबलं की झालं. मग ते परत घेता येणार नव्हतं. आकडा खाली नियंत्रण कक्षातल्या मोठ्या पाटीवर जाणार, साहेबांच्या डोक्यावर, लाल अक्षरांत. सहा सोमवारांची सही तिची. कॅन दाराशी पडलेले. रक्ताळलेला अंगठा वर धरून ती उभी राहिली आणि तिला प्रामाणिकपणे वाटलं की आपल्याला हे जमणार नाही.

तिने ‘हो’ दाबलं. सातव्यांदा.

मशीनने नळाच्या पाण्याचा घोट घेतला.

७८.६

भोंगा तिने आजवर फक्त चाचणीच्या दिवशी ऐकला होता. तो इतका जवळ असेल असं तिला वाटलं नव्हतं. टिल्लूने कानांवर हात ठेवले. जिन्यावर पावलं वाजू लागली, आणि ती धावणारी होती.

तिने फोन उचलून दवाखान्याचा नंबर फिरवला. एका कानात बोट घातलं.

“बाळांचा वॉर्ड. सिस्टर? मी केंद्रातून बोलतेय. सकाळचा आकडा चुकला होता.”

“काय? मोठ्याने बोला, मागे काय वाजतंय?”

“सकाळचा आकडा चुकीचा होता! एकेचाळीस नाही. अठ्ठ्याहत्तर. आणि उकळलं तर आणखी जास्त. डॉक्टरांना सांगा. पाणीच आहे, सिस्टर. पाणीच.”

मग पेनाचं टोपण निघाल्याचा आवाज.

“कधीपासून?”

“सहा आठवडे. चढत गेलंय.”

“दुपारी तिसरं आलंय,” सिस्टर म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच सहन होत नव्हतं. “थांबा. फोन ठेवू नका. डॉक्टरांना बोलावते.”

रिसीव्हर टेबलावर आडवा ठेवल्याचा आवाज झाला. चपला लांब गेल्या. कुणीतरी कुणालातरी हाक मारली. लोखंडी कपाटाचं दार उघडलं, काचेची एक नळी मोडली. टक. तो आवाज तिने ओळखला.

दारात साहेब धापा टाकत उभे होते, काहीतरी विचारत होते. टिल्लू पुढे होऊन त्यांना म्हणत होता, “साहेब, आधी माझं ऐका.” तिने हाताने दोघांनाही गप्प केलं. बोट कानात आणखी खोल घातलं, भोंगा बाहेर ठेवायला, आणि रिसीव्हर दुसऱ्या कानाशी इतका दाबला की कान दुखला.

कुणीतरी रडावं म्हणून ती ऐकत राहिली.